पाग टाकतानाचं तोंड

निशाच्या सासऱ्यांना सुनेचा राग आला की ते भिंतीशी बोलत. मुलाशी वाजलं असतं तर बुधाजी नाखवांनी एक शिवी हासडून विषय संपवला असता. पण सून, तीही घरात येऊन जेमतेम वर्ष झालेली, तिला काय बोलणार? म्हणून त्या दिवशी त्यांनी टीव्हीकडे पाठ केली, खांद्यावरच्या टॉवेलने तोंड पुसलं आणि समोरच्या कॅलेंडरला सांगितलं, "ह्यो माझा पाग नाय."

टीव्हीवर त्यांचाच पाग होता. पनवेलच्या खाडीत, होडीत उभं राहून त्यांनी स्वतःच्या हातांनी टाकलेला. पाग म्हणजे फेकायचं जाळं. घेराला शिशाच्या गोळ्या ओवलेल्या, मधोमध दोरी, दोरीचं टोक मनगटाला. अर्धं जाळं खांद्यावर घ्यायचं, अर्धं हातात, कडेची एक गोळी दातांत धरायची, कमरेतून एक झोका द्यायचा आणि सगळं एका दमात सोडायचं. चांगल्या हाताचा पाग हवेतच पूर्ण उघडतो आणि पाण्यावर पडतो तो तांदळाच्या भाकरीसारखा गोल. बुधाजींइतका गोल पाग अख्ख्या कोळीवाड्यात कोणाचा पडत नाही, हे त्यांचे शत्रूही कबूल करत. शत्रू म्हणजे तरी कोण, तर कमळाकर, जो रोज संध्याकाळी त्यांच्याच ओट्यावर बसून त्यांच्याच घरचा चहा पीत असे.

निशाच्या फिल्ममध्ये मात्र पाग एका अंगाला कलंडला होता. होडीत उभा केलेला सरळसोट बांबूसुद्धा तिरका झाला होता.

"बाबा, तुम्ही नीटच टाकलात," निशा म्हणाली. "वाकडं कॅमेऱ्याने केलंय."

"कॅमेरा वाकडं कसं करील? त्याला काय हात हायेत?" बुधाजींनी कॅलेंडरला विचारलं.

निशा अंधेरीला एका कॅमेरे भाड्याने देणाऱ्या कंपनीत असिस्टंट होती. हा प्रश्न तिला तिथे पहिल्याच आठवड्यात पडला होता, त्यामुळे उत्तर तयार होतं. "पंगतीत वाढपी कसा येतो? पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत. शेवटच्या पानावर भात पडेपर्यंत पहिल्याचं निम्मं जेवण झालेलं असतं. माझा कॅमेरा तसाच आहे. अख्खं चित्र एकदम घेत नाही, वरून खाली एकेक ओळ वाचत येतो. तुमचा पाग जोरात फिरत असतो, त्याच्यामागे मी कॅमेराही भरभर वळवते. वरची ओळ वाचली तेव्हा पाग एका जागी, खालची वाचेपर्यंत दुसऱ्या जागी. म्हणून तिरका. ह्याला रोलिंग शटर म्हणतात."

बुधाजी आता तिच्याकडे वळले. पाण्यात जन्म काढलेल्या माणसाला हलत्या गोष्टी चटकन कळतात. "म्हंजे डोकं आधी, पाय नंतर?"

"अगदी बरोबर."

"मंग कॅमेरा हलवायचा नाय."

तेही निशाने करून पाहिलं होतं. लांबून, कॅमेरा अजिबात न हलवता. त्यात पाग बटणाएवढा दिसत होता आणि बुधाजी बटणाच्या भोकाएवढे. ते पाहून सासऱ्यांना आणखी राग आला असता, म्हणून तिने ते दाखवलंच नव्हतं.

खरं दुखणं वेगळंच होतं. ही निशाची स्वतःची पहिली फिल्म. वीस मिनिटांची, सासऱ्यांच्या खाडीतल्या एका दिवसाची. कोळीवाड्याच्या मंडळाने ती नारळी पौर्णिमेला हॉलमध्ये सगळ्यांसमोर दाखवायचं ठरवलं होतं, आणि ही बातमी बुधाजींनीच बंदरापासून मासळी बाजारापर्यंत घरोघर पोचवली होती. आता भर सभेत, कमळाकरच्या देखत, त्यांचा पाग वाकडा पडणार होता. आयुष्यभराचं नाव वीस सेकंदांत जायचं होतं.

"त्यापेक्षा दाखवूच नको," ते म्हणाले आणि चपला घालून बाहेर पडले.

निशाची सासू ठमाबाई एवढा वेळ दारात बसून कोळंबी सोलत होत्या. त्यांनी मान वर केली नव्हती, पण टीव्ही पाहिला होता. निशा शेजारी येऊन बसली तसं त्यांनी तिच्यापुढे मूठभर कोळंबी सारली.

"त्यात त्यांचं तोंड काला दिसतं," ठमाबाई म्हणाल्या.

"हो आई. मागे पाणी फार चमकतं ना. उजेड पाठीमागे आणि चेहरा सावलीत. माझ्या कॅमेऱ्याला दोन्ही एकदम झेपत नाही."

"मना वाटलं, दिसंल." एवढं बोलून त्या थांबल्या. मग खालच्या आवाजात सगळं सांगितलं. बेचाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी नवऱ्याला पाग टाकताना एकदाही पाहिलं नव्हतं. ते भरतीच्या वेळेला खाडीत, तेव्हा त्या पाटी घेऊन बाजारात. त्यांनी पागाला जाताना पाहिलं होतं, येताना पाहिलं होतं, फाटलेला पाग शिवताना तर रोजच पाहिलं होतं. लग्नाला दोन-तीन वर्षं झाली असतील, तेव्हा कमळाकर एकदा हसत हसत म्हणाला होता, "वैनी, पाग सोडताना ह्याचं तोंड बगा कदी. घरी असं तोंड नाय करायचा तो." बस, तेवढंच. पुढे काही सांगितलं नाही, आणि बाईमाणसाने विचारायचं तरी कसं? तेव्हापासून ती गोष्ट त्यांच्या डोक्यात होती.

"अख्ख्या खाडीनं बगितलंय," ठमाबाई म्हणाल्या. "मीच नाय."

सासूने वर्षभरात निशाकडे काहीही मागितलं नव्हतं. डब्यात काय देऊ, इथपासून रविवारी उशिरा उठ, इथपर्यंत सगळं देणंच. हे पहिलं मागणं होतं, आणि तेही नीट मागितलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी निशाने मालकांकडे, कृष्णकांत सावे यांच्याकडे शब्द टाकला. सावे तोंडाने फटकळ आणि हाताने सढळ. ते म्हणाले, "रविवारी दोन कॅमेरे रिकामे आहेत. एक ने. एकच. संध्याकाळी सातला इथे परत, सोमवारी दोन्ही शूटवर जाणारेत."

ते दोन कॅमेरे निशाने टेबलावर शेजारी शेजारी मांडले. खोलीत पंखा होता आणि पंख्याच्या मागे उन्हाची खिडकी. खिडकीच्या पुढे तिने ऑफिसातल्या पोऱ्याला नव्हे, खुद्द सावेंनाच उभं केलं, कारण तेवढ्या वेळात फुकट उभं राहायला दुसरं कोणी नव्हतं. मग दोन्ही कॅमेऱ्यांनी एकच चित्र घेतलं.

पहिल्या कॅमेऱ्यात सावेंच्या कपाळावरच्या आठ्या मोजता येत होत्या आणि मागे खिडकीबाहेरचं पिंपळाचं पानही दिसत होतं. उजेड आणि अंधार दोन्ही पोटात घेण्याची ताकद, म्हणजे डायनॅमिक रेंज, त्याच्याकडे भरपूर होती. पण त्यात पंख्याची पाती कोयत्यासारखी वाकली होती. दुसरा कॅमेरा ग्लोबल शटरचा. तो सगळ्या पंगतीला एकाच क्षणी वाढणारा. त्यात पंख्याची पाती सरळ होती, पण खिडकी पांढरीफटक आणि सावे काळेठिक्कर.

"दोन्ही एकात का नाही देत?" निशाने वैतागून विचारलं. उत्तर तिला ठाऊक होतं.

"जागा कुठाय?" सावे म्हणाले. "सगळ्यांना एकदम वाढायचं, तर प्रत्येक ठिपक्याला आपला उजेड थोडा वेळ साठवून ठेवायला कप्पा लागतो. तो कप्पा त्याच्याच घरात करावा लागतो. तेवढी उजेडाची जागा कमी. पुढेमागे निघेल तसला कॅमेरा. आज दोन हजार पंधरा साल आहे आणि तुला रविवारी शूट करायचंय. कोणता नेणार ते सांग."

निशाने सांगितलं नाही. ती प्रश्न घेऊन घरी आली.

रात्री नव्हे, सकाळच्या न्याहारीला तिने तो घरच्यांसमोर ठेवला. नवरा कुंदन बंदरावर क्रेन चालवायचा. त्याला रविवारीही ड्युटी होती आणि या भानगडीत पडायची त्याची बिलकूल इच्छा नव्हती. तो चहा संपवून निघून गेला. राहिले तिघं.

"म्हंजे गोल पायजे तर तोंड काला," ठमाबाईंनी हिशेब मांडला, "नि तोंड पायजे तर पाग वाकरा."

"तोंडाचं काय करायचंय?" बुधाजी म्हणाले. "माझं तोंड सगल्यांनी बगितलेलं हाय. पाग बगायला येनार लोक."

निशाने एक तोड काढली होती. "बाबा, पाग खाडीत घेऊ. चेहरा वेगळा घेऊ, दुसऱ्या दिवशी, माझ्याच कॅमेऱ्याने. होडी किनाऱ्याला लावायची, तोंड सूर्याकडे करायचं, तुम्ही नुसता पाग सोडायचा. मी नंतर दोन्ही जोडते. कोणाला कळणार नाही."

बुधाजींनी तिच्याकडे असं पाहिलं की जणू तिने घरातला देव विकायला काढला होता. "मासली नाय तिथं पाग टाकायचा?"

"एकदाच."

"पोरी, मी नाटकवाला हाय काय? पान्यात मासली दिसली तरच हात सुटतो माझा. नायतर सुटतच नाय." आणि हे खरं होतं. नवशिक्यांना शिकवतानाही त्यांनी कधी रिकाम्या पाण्यावर पाग सोडला नव्हता. शिकायचं तर होडीत ये आणि मासळी येईपर्यंत थांब, असा त्यांचा खाक्या. कितीतरी जण थांबून थांबून कंटाळून परत गेले होते.

ठमाबाईंनी ताटल्या उचलल्या. मोरीकडे जाता जाता म्हणाल्या, "निशा, त्यांचाच कॅमेरा आन. गोलवाला. माझं काय, मी बगीन कदीतरी."

सासू रुसली असती तर निशाला बरं वाटलं असतं. पण त्या खरोखरच मनापासून बोलल्या होत्या, आणि तेच तिला जास्त लागलं. तिने दोन दिवस विचार केला. वाकडा पाग दाखवणं म्हणजे सासऱ्यांविषयी खोटं सांगणं होतं; काळा चेहरा म्हणजे फक्त काहीतरी न सांगणं. खोट्यापेक्षा न सांगणं बरं, असं तिने स्वतःला पटवलं आणि शनिवारी संध्याकाळी ग्लोबल शटरचा कॅमेरा घरी आणला. पण ठमाबाईंनी कॅमेऱ्याच्या पेटीवर धूळ बसू नये म्हणून आपली धुतलेली ओढणी पांघरली, तेव्हा तिने चेहऱ्यावर उजेड परतवायचा रिफ्लेक्टरही सोबत घेतला.

रविवारी, बुद्धपौर्णिमेच्या आदल्या सकाळी, भरती साडेसहाच्या पुढे सुरू व्हायची होती. बंदरापलीकडे एक जुना मातीचा बांध आहे. पाणी चढायला लागलं की बोय नावाच्या मासळीचे थवे त्या बांधाच्या कडेकडेने वर येतात. बुधाजी होडी बांधापासून तीस-चाळीस फुटांवर आडवी उभी करत आणि बांधाच्या दिशेने पाग सोडत. सूर्य कायम डाव्या खांद्यामागे ठेवत, म्हणजे आपली सावली मासळीवर न पडता बाजूला पडते. त्यांच्या कामाला हे उत्तम होतं आणि निशाच्या कामाला याहून वाईट दुसरं काही नव्हतं. तिला उभं राहायला जागा फक्त बांधावर, आणि बांधावरून पाहिलं की प्रबळगडामागून वर आलेला सूर्य सरळ पाण्यावर उतरलेला.

तिने कॅमेरा तिवईवर चढवला आणि बुधाजी नुसतेच होडीत उभे असताना पाहिलं. बांबू सरळ. पाणी चकचकीत, पण शाबूत. चेहऱ्याच्या जागी काळा डाग. चेहरा दिसावा म्हणून उजेड वाढवला तर पाणी पांढरं होऊन गेलं, आणि पांढऱ्या पाण्यावर पांढरा पाग कोणाला दिसणार? तिने उजेड परत कमी केला. सोबत आणलेला चंदेरी रिफ्लेक्टर उघडून पाहिला. त्याचा उजेड निम्म्या वाटेतच विरला.

"दिसतं काय?"

निशा दचकली. मागे ठमाबाई उभ्या होत्या. बाजाराच्या वेळेला, बाजार सोडून. शेजारच्या आशालताला आपल्या जागेवर लक्ष ठेवायला सांगून त्या थेट बांधावर आल्या होत्या, डोक्यावर मासळीचा थर्माकोलचा खोका तसाच.

निशाने त्यांना छोट्या पडद्यात दाखवलं. ठमाबाईंनी डोळे बारीक करून पाहिलं आणि मान डोलावली.

निशाला एकदम बोलल्याशिवाय राहवलं नाही. "आई, शूटिंगवर असतो ना आम्ही, तेव्हा माणसाच्या जवळ पांढरा थर्माकोल धरतात. ऊन त्याच्यावर पडतं आणि तिथून चेहऱ्यावर येतं. साधी गोष्ट आहे. पण तो होडीत धरावा लागेल. बाबांच्या अगदी जवळ, आणि मी तर इथं..."

तिचं वाक्य संपायच्या आत ठमाबाईंनी डोक्यावरचा खोका खाली उतरवला होता आणि झाकण काढून हातात घेतलं होतं. मोठं, पांढरं, चौकोनी. मासळीच्या पाण्याने थोडं पिवळसर, पण तेवढं चालतं. तेवढ्या पिवळेपणाने चेहरा उलट बरा दिसतो, हे निशाला माहीत होतं.

"ह्येच ना?" ठमाबाई म्हणाल्या आणि बांधावरून ओरडल्या, "अवो, होडी हिकडं घ्या."

बुधाजींनी होडी आणली ती घाबरून. त्यांना वाटलं, घरी काही झालं. काय झालंय ते कळल्यावर ते भडकले. "होडीत? तू? नि हा पांढरा फला घेऊन? अगं, बोय म्हंजे काय ढोर हाय? पांढरं चमाकलं की समदी पलंल."

"होडीच्या पोटात बसतें मी. मांडीवर ठेवतें. पान्यातून कशी दिसंल?"

बेचाळीस वर्षांत बायकोने होडीविषयी बुधाजींपेक्षा शहाणं काही सांगितलेलं हे पहिलंच. त्यांनी कॅलेंडर शोधलं असावं, पण खाडीत कॅलेंडर कुठलं? शेवटी त्यांनी हात पुढे केला. ठमाबाईंनी लुगड्याचा काष्टा घट्ट खोचला, एक पाय चिखलात, एक होडीत, आणि बसल्या.

होडी परत जागेवर गेली. बुधाजी मधल्या फळीवर उभे, त्यांच्या उजव्या हाताला, नाळेकडे, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाशी, ठमाबाई खाली बसलेल्या, झाकण मांडीवर तिरपं. "थोडं वर, आई," निशा ओरडली. "अजून. बस, तिथंच." आणि पडद्यावर काळ्या डागातून सासऱ्यांचा चेहरा निघून आला. आधी गालाचं हाड, मग मिशी, मग डोळे. बांबू सरळ, पाणी जिथल्या तिथे आणि माणूसही दिसतो. सावे इथे असते तर तिने त्यांना मिठी मारली असती.

मग थांबणं आलं. पाणी चढत होतं. तिवरांच्या मुळ्या एकेक करून बुडत होत्या. दूर दक्षिणेला कर्नाळ्याचा सुळका स्वच्छ दिसत होता. ठमाबाईंचे हात भरून आले असणार, पण झाकण हललं नाही. बुधाजी पाण्याकडे पाहत होते आणि ते पाहताना त्यांना बायकोचा, सुनेचा, कॅमेऱ्याचा, सगळ्यांचाच विसर पडला होता. पाऊण तास गेला.

बांधाजवळ पाणी थरथरलं. निशाला ते दिसलंही नाही. तिला दिसला तो सासऱ्यांचा हललेला उजवा खांदा. तिने रेकॉर्डिंग सुरू केलं. दातांत गोळी, कमरेतून झोका, आणि पाग सुटला. निशाने तिवईवरचा कॅमेरा त्याच्याबरोबर वळवला. पाग हवेत उघडला, पूर्ण, घेराची प्रत्येक गोळी आपापल्या जागी, आणि पाण्यावर पडला तो असा गोल की बांधावर एकटीच असूनही ती "वा!" म्हणाली.

मग तिने चित्रण मागे नेऊन पाहिलं.

पाग सुटायच्या नेमक्या क्षणी चेहरा काळा होता. त्याच्या आधी होता, स्पष्ट, गोळी दातांत धरलेला. झोका घेतला तिथपर्यंत होता. आणि मग उजेडच गेला. तिने ते चारदा पाहिलं. चौथ्यांदा तिचं लक्ष चित्राच्या कोपऱ्याकडे गेलं. ठमाबाईंच्या मांडीवरचं झाकण आडवं झालेलं, हात सैल पडलेले. त्या मान वर करून नवऱ्याकडे पाहत होत्या. झाकण, कॅमेरा, निशा, त्यांना कशाचंच भान नव्हतं.

होडी बांधाला लागली. बोया इतक्या होत्या की पाग दोघांनी मिळून ओढला होता. बुधाजी खुशीत होते. "आला काय गोल?"

"गोल आला, बाबा. एकदम गोल." मग तिने चेहऱ्याचंही सांगितलं. "पुन्हा एकदा जमेल का?"

बुधाजींनी पाण्याकडे बोट दाखवलं. "थवा गेला. आता परवापर्यंत हितं कोन येत नाय." आणि परवा कॅमेरा भलत्याच शूटवर असणार होता.

"आई, झाकण खाली का केलंत?" निशाने विचारलं. तिचा आवाज थोडा रडवेला झाला, हे तिचं तिलाच ऐकू आलं.

ठमाबाईंनी हातातल्या झाकणाकडे नवल करून पाहिलं. "कवा केलं?" त्या म्हणाल्या. मग बोया खोक्यात भरल्या, झाकण लावलं, खोका डोक्यावर घेतला आणि बाजाराकडे चालू लागल्या. नेहमीपेक्षा हळू.

नारळी पौर्णिमेला हॉल गच्च भरला होता. पहिल्या रांगेत बुधाजी, नवा शर्ट, मिशीला तेल. पाग आला. निशाने तो जरा जास्त वेळ ठेवला होता, सावकाश केलेला. गोळ्यांचा घेर हवेत फिरत फिरत उघडत गेला आणि पाण्यावर टेकला. टाळ्या पडल्या, मग शिट्ट्या. म्हातारे कोळी एकमेकांना कोपराने ढोसत होते. बुधाजी समोरच बघत राहिले, पण कानाची पाळी लाल झाली होती.

"नाखवा!" टाळ्या थांबल्यावर कमळाकर उठून ओरडला. इतका गोल पाग निमूटपणे गिळणं त्याला जड जात होतं. "पाग गोल हाय, मान्य. पन तोंड कुठं हाय? काला काला भूत दिसतंय."

हॉल हसला. निशाने अंग चोरलं. तेवढ्यात बायकांच्या बाजूने ठमाबाईंचा आवाज आला, बाजारात भाव सांगताना लावतात तोच. "कमळाकरभावजी, तुमी पाग बगा. तोंड मी बगितलंय."

हॉल आणखी हसला आणि कमळाकरही हसला.

परत येताना वाटेत सासू-सून दोघी मागे राहिल्या. निशाने महिनोन् महिने पोटात ठेवलेलं बोलून टाकलं. "आई, मला माफ करा. तुमच्यासाठी चेहरा घ्यायचा होता. फिल्ममध्ये आलाच नाही."

"येड लागलं काय तुला?" ठमाबाई म्हणाल्या. चार पावलं गेल्या आणि थांबल्या. "मना बगायला आले होते ना ह्ये, आमच्या घरी, कुंदनचे आजोबा बरोबर होते, तवा ह्येच तोंड होतं. ह्येच. लगीन झालं, नि मंग ते तोंड गेलं कुठं, मना कलंना. बेचालीस वरसं मना वाटायचं, माझंच काय चुकलं."

निशाने त्यांचा हात धरला.

"कायसुद्धा चुकलं नव्हतं," ठमाबाई म्हणाल्या. "ते खाडीत होतं."

पुढे बुधाजी कमळाकरला काहीतरी सांगत हातवारे करत चालले होते. ठमाबाईंनी पदर खांद्यावर सारखा केला आणि भराभर पावलं टाकत त्यांना गाठलं.